बावन्नाव्या मिनिटाची साक्ष

मी एक जुना आवाज आहे, मित्रांनो. तुम्ही मला ऐकलेले नाही. वाईट वाटून घेऊ नका, फारसे कुणीच ऐकलेले नाही. ज्या चकतीवर मी राहतो तिच्या पाच हजार प्रती निघाल्या, घरोघरी गेल्या, आणि बहुतेक घरांत माझ्यावरून बोट पुढे सरकले. चकती लावली की पडद्यावर यादी येते. ‘आवाज एक : चित्रपट. आवाज दोन : समालोचन.’ त्यातला आवाज दोन म्हणजे मी. समालोचन हा शब्द वाचून एका काकांना वाटले की कुठला तरी सामना लागणार आहे. ते पाच मिनिटे हातावर हात ठेवून बसले आणि मग म्हणाले, "अरे, ही माणसं मध्ये मध्ये का बोलतायत? बंद करा यांना." मला बंद केले. माझ्या आयुष्यातली बरीचशी वर्षे अशीच गेली आहेत.

आधी माझे काम सांगतो. एखादा जुना, नावाजलेला चित्रपट घरी बघण्यासाठी चकतीवर काढतात, तेव्हा तो ज्यांनी बनवला त्यांना स्टुडिओत बोलावतात. समोर तोच चित्रपट चालू करतात आणि बघता बघता त्यांनी बोलायचे असते. धुके कसे केले, कोण रुसून बसले, कोणते दृश्य चार वेळा घ्यावे लागले. ते सगळे बोलणे भरून घेतात आणि चित्रपटाला बांधतात. माझा एकेक शब्द एकेका चित्राशी बांधलेला आहे. मी ‘हे बघा’ म्हटले की ते त्याच क्षणी दिसले पाहिजे. चित्र एकीकडे आणि शब्द दुसरीकडे झाला, तर ऐकणाऱ्याला बोलणारा वेडा वाटतो. एवढे लक्षात ठेवा, कारण माझे पुढे तेच झाले.

आणखी एक गोष्ट. मी भरला जात असतो किंवा वाजत असतो तेव्हा माझ्यासमोर जे बोलले जाते, घडते ते मला कळते. बंद असलो की काही कळत नाही. त्यामुळे माझ्या आयुष्यात मोठमोठी भगदाडे आहेत. ती बुजवायला मी मनाचे काही रचणार नाही. ते काम माझ्या पोटातल्या एका माणसाने पुरेसे केले आहे.

ज्या चित्रपटासाठी मी जन्मलो तो काळापांढरा आहे, अठ्ठ्याण्णव मिनिटांचा. एक घड्याळे दुरुस्त करणारा माणूस, त्याची बायको, एक कुत्रा आणि दोन खोल्या. बावन्नाव्या मिनिटाला बायको घर सोडून जाते. ती शांतपणे बॅग भरते, दाराच्या कडीवर हात ठेवते, तो हात क्षणभर थांबतो. लगेच पुढच्या चित्रात नवरा आपल्या टेबलापाशी बसलेला दिसतो. एकटा, कुठेच न बघता, वीस सेकंद. दार उघडलेले दिसत नाही. निरोप नाही, रडणे नाही. कडीवरून थेट त्या वीस सेकंदांवर मारलेल्या या उडीने तो चित्रपट मोठा झाला. चित्रपट शिकवणाऱ्या शाळांमध्ये ती उडी दाखवतात. तिच्यावर जाड जाड पुस्तके आहेत म्हणे, आणि सगळ्या पुस्तकांत एकाच माणसाची पाठ थोपटलेली आहे.

माझा जन्म एका सकाळी दहा वाजता झाला. खोलीच्या भिंतींना आवाज शोषणारे जाड कापड ठोकलेले होते. दोन खुर्च्या, दोन माइक, समोर एक टीव्ही. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक बसला होता. अंगाने आडवा, कायम सर्दी झालेला आणि कमी बोलणारा माणूस. एका खुर्चीवर दिग्दर्शक बसले. ते तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते आणि सगळे त्यांना साहेब म्हणत. दुसऱ्या खुर्चीवर चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई बसल्या. बसने आल्या होत्या. खोलीत शिरताना त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, तेव्हा ध्वनिमुद्रक म्हणाला, "अहो, चपला राहू द्या, चालतं इथे." त्या म्हणाल्या, "सवय आहे हो. आमच्या खोलीत धूळ चालायची नाही."

त्यांची खोली म्हणजे संकलनाची खोली. चित्रपट बनला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. हातात पांढरे सुती मोजे घालून त्या फिल्म कापायच्या आणि जोडायच्या. रद्द झालेले तुकडे एका कापडी पेटीत टाकायच्या. सगळे त्यांना कात्रीताई म्हणत. चित्रपटाच्या सुरुवातीला नावांची जी पाटी येते तिच्यावर मात्र ‘संकलन आणि दिग्दर्शन’ असे एकत्र लिहिले आहे, आणि खाली एकच नाव. ते साहेबांचे.

बोलणे भरून घेण्याआधी एक रीत असते. प्रत्येकाने आपले पूर्ण नाव सांगायचे आणि या चित्रपटात काय काम केले ते सांगायचे. ऐकणाऱ्याला दोन आवाज ओळखता यावेत म्हणून. साहेबांनी आपले नाव सांगितले, दोन पारितोषिके सांगितली, आणि ताई माइककडे झुकल्या तेवढ्यात तेच म्हणाले, "आणि या आमच्या कात्रीताई. संकलनाच्या खोलीची किल्ली यांच्याकडे असायची. या आल्याशिवाय आमचं दारच उघडायचं नाही." साहेब हसले. ताईही हसल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार."

ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडून विचारले, "ताई, तुमचं पूर्ण नाव?"

"राहू दे हो. सगळे कात्रीताईच म्हणतात."

झाले. तेवढ्यावर चित्रपट सुरू झाला. पुढे तो नावाचा प्रश्न आणि ते ‘राहू दे’ सुरुवातीचे खरखरीचे तुकडे कापताना गेले. राहिले ते एवढेच : ‘आणि या आमच्या कात्रीताई’, ते किल्लीचे कौतुक आणि ‘नमस्कार’. मला त्या भिडस्तपणाचा आजही राग येतो. पन्नास वर्षे ज्या माणसाने त्यांचे नाव खाल्ले, त्याचे वाक्य मध्येच तोडायला त्यांना संकोच वाटला. आयुष्यभर कात्री चालवलेल्या बाई, आणि नेमके तिथे त्यांचा हात चालला नाही.

पहिली पन्नास मिनिटे बरी गेली. साहेब बोलत होते, ताई मधूनमधून दुरुस्ती करत होत्या. सतराव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "हा कुत्रा दोन कुत्रे आहेत. एक पळायचा, दुसरा बसायचा. बसणाऱ्याचा डावा कान बघा, तुटका आहे." साहेबांना हे माहीतच नव्हते. ध्वनिमुद्रक काचेपलीकडे हसला. खरे सांगतो, माझ्यातली ऐकण्यासारखी वाक्ये मोजली तर तीन चतुर्थांश ताईंची निघतील.

मग बावन्नावे मिनिट आले. पडद्यावर बायको बॅग भरायला लागली आणि साहेब खुर्चीत सावरून बसले.

"आता तो प्रसिद्ध कट येतोय. लोक मला पन्नास वर्षं विचारतायत, हे सुचलं कसं. मी एका सकाळी दाढी करत होतो, आरशात बघितलं आणि..."

"साहेब, तुम्ही निरोपाचा सीन घेतला होतात ना," ताई म्हणाल्या. "तीन मिनिटांचा. दोघं रडतात तो."

"हं. असेल घेतला."

"तो मी काढला. तुम्ही आठ दिवस परगावी होतात. रडारड मी सगळी काढली. बघा, इथे कुणी रडत नाही. नुसता कडीवर हात. आणि हे पुढचं चित्र मी रद्दीच्या पेटीतून उचललंय. हा अभिनय नाहीच. शूटिंग सुरू व्हायच्या आधी कॅमेरा चुकून चालू राहिला होता. तो बिचारा जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसलाय. आता बघा, उजव्या भिंतीवर. सावली सरकली ना? ती क्लॅपवाल्याच्या पाटीची सावली. पाटी घेऊन तो पुढे यायला लागला, तिथे मी कापलं. फिल्मच्या दहा-बारा चौकटींत सावली राहिलीच."

मित्रांनो, ती सावली खरोखरच होती. एका बोटाएवढी, भिंतीच्या उजव्या कडेला. पन्नास वर्षांत कुणाला दिसली नव्हती. ज्याने तो तुकडा हातात धरून निवडला, त्यालाच ती माहीत असणार.

साहेब हसले. मग म्हणाले, "ताई, वय झालं आपलं. आठवणी एकमेकींत मिसळतात."

"सावली दिसली ना, साहेब?"

"तू गप्प बस ना जरा. चित्र चाललंय."

पन्नास मिनिटे ‘तुम्ही’ चालले होते. ‘तू’ ऐकल्यावर ताईंची खुर्ची मागे सरकली. तो खुर्चीचा आवाज माझ्यात आहे. त्यानंतर सेहेचाळीस मिनिटे साहेब एकटे बोलले. दाढी, आरसा, पारितोषिके, परदेशातले पाहुणे. ताई एकदाच बोलल्या, अगदी शेवटी. "संपलं," असे म्हणाल्या.

दोन दिवसांनी ध्वनिमुद्रक मला नीट बसवत होता, तेव्हा चकत्या काढणाऱ्या कंपनीचा व्यवस्थापक आला. घाईत होता. उभ्या उभ्या म्हणाला, "साहेबांचा फोन आला होता. ते बावन्नाव्या मिनिटाचं काढून टाका. म्हातारीच्या काय लक्षात राहतंय."

"काढतो," ध्वनिमुद्रक म्हणाला.

त्याने काढले नाही. ताईंचा आवाज थोडा खालच्या पट्टीत गेला होता, तो उलट किंचित वर घेतला आणि नाक पुसले. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाला त्याने सांगितले, "काढलंय." व्यवस्थापकाने सुरुवातीचे अर्धे मिनिट ऐकून मान डोलावली आणि सही केली. मला पूर्ण ऐकण्याचे कष्ट कुणी घेतले असते, तर मी तेव्हाच मुका झालो असतो. दुर्लक्षाचा माझ्यावर एवढा एक उपकार आहे.

चकतीच्या डबीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले : ‘दिग्दर्शक व सहकाऱ्यांचे समालोचन’. सहकारी म्हणजे कोण, किती, कसले, ते काही नाही.

ताईंना एक प्रत टपालाने आली. त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचे काम करायची. रविवारी दुपारी मायलेकींनी मला लावले. त्या घरात मला पहिल्यांदा कुणी खुर्ची ओढून जवळ बसून ऐकले. बावन्नाव्या मिनिटाला लेकीने मला थांबवले, मागे नेले, पुन्हा ऐकले. चार वेळा तसे केले. तिची नजर कामामुळे बारीक होती. सावली तिने पहिल्याच वेळी पकडली होती. बाकीच्या तीन वेळा ती आईकडे बघत होती.

"आई, हे खरं?"

"खोटं कशाला बोलू. भिंतीवर दिसतंय की."

"मग तुझं नाव का नाही?"

"तेव्हा कुणाचंच नसायचं गं."

"साहेबांचं होतं की."

लेकीने मला पुढे चालू केले आणि उरलेला वेळ साहेबच बोलत राहिले.

त्यानंतर माझ्या आयुष्यात मोठे भगदाड आहे. दहाएक वर्षे मी तुरळकच वाजलो. एका विद्यार्थ्याने मला अभ्यासासाठी लावले आणि विसाव्या मिनिटाला तो घोरायला लागला. एका घरात मी वाजत असताना माझ्यासमोर कपाट हलवले गेले. अशी माझी रसिक मंडळी. तक्रार करत नाही. नाही, करतोच आहे.

पुन्हा डोळे उघडले ते एका चित्रपट संग्रहालयाच्या छोट्या पडदागृहात. जुन्या चकतीवरून उचलून मला एका नव्या, धुऊनपुसून लख्ख केलेल्या चित्रपटाला जोडले होते. दहा-बारा माणसे बसली होती. मधल्या खुर्चीवर समितीचे अध्यक्ष होते. ते साहेबांचे शिष्य. साहेब तोवर गेले होते, आणि त्यांच्या मागे त्यांचा चित्रपट नव्याने सगळीकडे दाखवायचा होता. मागच्या रांगेत ताईंची लेक बसली होती. तिने समितीला पत्र लिहिले होते की नव्या चित्रपटावर नावांची पाटी नव्याने करणार आहात, तर संकलन म्हणून माझ्या आईचे नाव घाला. पुरावा काय, असे समितीने विचारले होते. तिने लिहिले होते, आवाज दोन, बावन्नावे मिनिट. येत्या शुक्रवारी पाटी पक्की व्हायची होती, आणि एकदा पक्की झाली की ती कायमची.

म्हणजे मी साक्षीला उभा होतो. मला माझी पहिलीवहिली किंमत कळली होती आणि मी अगदी मन लावून वाजत होतो. फक्त एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. संग्रहालयाला कुठल्याशा गोदामात एक गंजका डबा सापडला होता. त्यात निरोपाचा तो तीन मिनिटांचा सीन होता. ‘दिग्दर्शकाची मूळ कल्पना’ म्हणून त्यांनी तो पुन्हा चित्रपटात घातला होता. चित्रपट लांबला. मी होतो तेवढाच राहिलो.

पडद्यावर कडीवर हात आला. पुढे नवरा धावत आला आणि दोघे गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागले. त्याच क्षणी ताईंचा आवाज शांतपणे म्हणाला, "रडारड मी सगळी काढली. बघा, इथे कुणी रडत नाही."

पडदागृहात खसखस पिकली.

बायको पदराने डोळे पुसत होती, आणि ताई म्हणत होत्या, "तो बिचारा जेवणाच्या सुट्टीची वाट बघत बसलाय." मग तर मोठ्याने हसले सगळे. मी थांबू शकत नव्हतो. मला मागे सरकता येत नाही, घसा साफ करता येत नाही, ‘चूक माझी आहे, त्यांची नाही’ असे सांगता येत नाही. "आता बघा, उजव्या भिंतीवर," मी म्हणालो. उजव्या बाजूला भिंत नव्हतीच, बायकोचे ओले गाल होते.

"बिचाऱ्या," अध्यक्ष म्हणाले. "भ्रमिष्टच झाल्या होत्या म्हणायच्या. साहेबांनी किती सांभाळून घेतलंय बघा."

लेक मागून उठली. ती हसणाऱ्यांकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. "हे सरकलंय," ती म्हणाली. "आईचं बोलणं पुढे गेलंय. तुम्ही सीन घातलात, त्याचा वेळ यात धरलाच नाही." अध्यक्षांनी घड्याळ बघितले. ते म्हणाले, "बुधवारी या."

बुधवारी ती आली. तंत्रज्ञ, म्हणजे ज्याने चित्रपट धुतला तो, यंत्रापाशी बसला होता. भला माणूस होता. लेकीने आधीच्या खेळातच नव्या सीनचे सेकंद मोजून ठेवले होते. "तीन मिनिटं दहा सेकंद मागे घ्या," ती म्हणाली. त्याने घेतले आणि मी खाडकन जागेवर बसलो. कितीतरी काळाने आपले चित्र आपल्या शब्दाखाली येताना मला बरे वाटले. नवरा टेबलापाशी बसला होता. ताई म्हणाल्या, "आता बघा, उजव्या भिंतीवर. सावली सरकली ना?"

भिंत कोरी होती.

अध्यक्षांनी हात पसरले. लेकीने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा कोरी. तेव्हा तंत्रज्ञ म्हणाला, "तिथे काळा डाग येत होता. मी पुसला तो. एकेक चौकट करून. अख्खा दिवस गेला माझा त्या डागात." त्याच्या आवाजात कौतुक होते. नंतर त्याने लेकीचा चेहरा बघितला.

"डाग नव्हता तो," लेक म्हणाली.

तिने पिशवीतून चष्मे पुसायच्या मऊ कापडात गुंडाळलेली चकती काढली. ती माझी जुनी चकती, ताईंना टपालाने आलेली. तंत्रज्ञाने ती घेतली, लावली. आता मीच तिथे दोनदा होतो, एकदा नव्या चित्रपटावर आणि एकदा जुन्यावर. जुन्या चित्रपटावर ओरखडे होते, करड्या रेघा होत्या, नवऱ्याच्या कपाळावर कसलासा केस नाचत होता. आणि उजव्या भिंतीवर बोटभर सावली आली, सरकली आणि कापली गेली. तंत्रज्ञाने एकेक चौकट थांबवून बघितली. "पाटीच आहे," तो म्हणाला. "हा कोपरा बघा. ही बोटं. मी बोटं पुसली."

कुणी हसले नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "ठीक आहे," ते म्हणाले. "सावली आहे, मान्य. बाई सांगतात ते खरं असणार, तेही मान्य. पण या बाई कोण?"

"माझी आई."

"ते तुम्ही म्हणता. या ध्वनिमुद्रणात त्यांचं नाव कुठे आहे? डबीवर नुसतं सहकारी आहे. नाव दाखवा, मी आत्ता पाटीवर घालतो."

मग त्या तिघांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. एकही क्षण न गाळता, अठ्ठ्याण्णव मिनिटे. माझ्या आयुष्यात तसे एकदाच घडले, आणि माझ्याजवळ जे नाही नेमके ते शोधायला घडले. लेक पुढे वाकून ऐकत होती. प्रत्येक वेळी साहेब ‘ताई’ म्हणाले की तिचे ओठ हलायचे, जणू पुढचा शब्द तिने ढकलला तर तो माझ्यातून बाहेर येईल. शेवटी ताई म्हणाल्या, "संपलं," आणि तंत्रज्ञाने मला पुन्हा सुरुवातीला नेले. आणि या आमच्या कात्रीताई. नमस्कार.

"ज्याने हे भरलं त्याला विचारा," लेक म्हणाली.

तंत्रज्ञाने मान हलवली. तो स्टुडिओ कधीच बंद पडला होता, आणि ध्वनिमुद्रक हयात नव्हता.

"आईंना आणा," अध्यक्ष म्हणाले. "समोर बसून सांगू देत."

"तिला आता माझंसुद्धा नाव येत नाही," लेक म्हणाली. "म्हणून तर हे घेऊन आले. तिच्या लक्षात होतं तेव्हाचं एवढंच उरलंय."

"माझाही नाइलाज आहे हो. त्या काळी संकलनाच्या खोलीत तीन मुली असायच्या. कात्री हातात असलेल्या कुणालाही कात्रीताई म्हणत असतील. उद्या दुसरी कुणाची लेक आली तर मी काय सांगू?" मग त्यांचा आवाज मऊ झाला. काहीतरी दिल्यासारखे करायचे असले की माणसांचा आवाज असा होतो. "असं करू. ‘संकलन’ साहेबांचं आहे तसं ठेवू, आणि खाली घालू : ‘साहाय्य, कात्रीताई’. ध्वनिमुद्रणात आहे तसं. आणि हे समालोचन नव्या आवृत्तीत नको. उगाच गोंधळ होतो."

अशा रीतीने मी खरे बोललो आणि खरे बोलल्याबद्दल कामावरून गेलो. रडारडीचा सीन मात्र राहिला. पुढच्या पिढ्यांना तो चित्रपट रडतच दिसेल.

आता माझ्यासारख्यांच्या गोष्टीत शेवटी काहीतरी शिकवण असते, तीही उरकून टाकतो. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. चकत्या पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, हे सगळे डबीवर छापलेले आहे. मी एवढेच मागतो. घरात, कामाच्या जागी, कुठेही, कुणाचे बोलणे भरून घ्याल तेव्हा आधी त्यांचे पूर्ण नाव विचारा. ती माणसे ‘राहू दे’ म्हणतील. भली माणसे नेहमी तसेच म्हणतात. राहू देऊ नका. आणि दुसरा कुणी त्यांच्या आधी बोलायला लागला, तर त्याला थांबवा. त्या सकाळी ध्वनिमुद्रकाने आणखी एकदा विचारले असते, तर आज माझ्यावर ही वेळ आली नसती.

काल लेकीने मला घरी लावले. दुपारची वेळ होती. ताई खिडकीजवळ आरामखुर्चीत बसल्या होत्या, गुडघ्यांवर पांघरूण. लेक त्यांना सांगत होती, "परवा दाखवला गं चित्रपट. मोठं थिएटर होतं. पाटीवर ‘कात्रीताई’ आलं तेव्हा मागचे दोघं हसले. त्यांना वाटलं, गंमत म्हणून घातलंय." ताईंनी ऐकले की नाही कोण जाणे. त्या पडद्याकडे बघत होत्या. कुत्रा आला तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन आहेत." लेकीने वळून बघितले, पण ताईंची नजर पडद्यावरच होती.

बावन्नाव्या मिनिटाला बायकोचा हात कडीवर आला. पांघरुणावर ताईंची दोन बोटे कात्रीसारखी हळूच मिटली, आणि त्याच क्षणी चित्र बदलले. मग माझ्यातल्या ताई बोलत राहिल्या, रद्दीची पेटी, जेवणाची सुट्टी, भिंत, सावली. खुर्चीतल्या ताई मान पुढे करून ऐकत होत्या.

"बरोबर सांगतेय ही बाई," त्या म्हणाल्या.

"हो आई."

"कुणी ऐकत नाहीये तिचं. कोण आहे गं? नाव काय हिचं?"

लेक उठली, खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली, आईच्या कानाशी तोंड नेले आणि तिने नाव सांगितले. पूर्ण सांगितले असणार, कारण बराच वेळ तिचे ओठ हलत होते. पण तेव्हा माझ्यातले साहेब आपल्या दुसऱ्या पारितोषिकाबद्दल मोठ्याने बोलत होते, आणि मला ते नाव ऐकू आले नाही.